परक्या हातीं दिलेली नाव

शेजाऱ्यानें शेजाऱ्याकडून शिडी, पहार किंवा बैल मागून न्यावा आणि काम झाल्यावर परत आणून द्यावा, ही आपल्या गांवगाड्यांतील जुनी रीत आहे. खाडीकांठच्या गांवांत या मागून न्यावयाच्या वस्तूंत होडीचीहि भर पडते. कोणाला पाहुणे पैलतीरीं पोंचवावयाचे असतात, कोणाला नारळ बाजारांत न्यावयाचे असतात, तर कोणाची स्वतःची होडी डागडुजीसाठीं किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते. अशा वेळीं ‘नाहीं’ म्हणणें जिवावर येतें. परंतु होडी ही शिडीसारखी वस्तु नव्हे. मागून नेलेली शिडी मोडली तर नुकसान एका शिडीचें होतें. होडी मात्र माणसें आणि माल पोटांत घेऊन निघते, दुसऱ्यांच्या होड्यांच्या वाटेंत येते, आणि तिच्या मालकाला घरीं बसल्या जागीं कळणारहि नाहीं असा अनर्थ चार कोसांवर करून ठेवते.

म्हणून आपली नाव दुसऱ्याच्या हातीं देणाऱ्यापुढें दोन निरनिराळे प्रश्न उभे राहतात. नावच बुडाली तर ती कोणाची बुडाली, हा पहिला प्रश्न. त्या नावेनें तिसऱ्याच कोणाचें नुकसान केलें तर तें कोणीं भरून द्यावयाचें, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उकल करण्याचा उद्योग मनुष्यजाति सुमारें पावणेचार हजार वर्षें करीत आलेली आहे. त्या उद्योगाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. कारण पहिल्या प्रश्नाचें उत्तर फार प्राचीन काळीं सांपडलें, पण दुसऱ्याचें उत्तर हातीं यावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी यानें इसवी सनापूर्वीं अठराव्या शतकांत आपले कायदे एका काळ्या शिलास्तंभावर कोरविले. हा स्तंभ १९०१-०२ च्या सुमारास इराणांतील सूसा येथील उत्खननांत सांपडला व आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. त्या देशाचा बराचसा व्यापार नद्यांवरून चाले. तेव्हां त्या कायद्यांत नावांविषयीं स्वतंत्र कलमें असावींत यांत नवल नाहीं. एखाद्यानें आपली नाव नावाड्याला भाड्यानें दिली आणि नावाड्याच्या हयगयीनें ती बुडाली, तर त्यानें नावेच्या बदल्यांत नाव द्यावी. बुडालेली नाव त्यानें वर काढली असेल तर निम्मी किंमत चांदींत द्यावी. नावेंत भरलेलें धान्य, लोंकर, तेल किंवा खजूर हयगयीनें बुडाला तर नावेबरोबर मालहि भरून द्यावा. एका नावेनें दुसरीला धडक देऊन बुडविलें तर धडक देणाऱ्या नावेचा जो प्रमुख असेल त्यानें भरपाई करावी. आणि आपलें काय काय गेलें तें बुडालेल्या नावेच्या धन्यानें देवासमोर शपथेवर सांगावें. या साऱ्या नियमांचा रोख एकच आहे. ज्याच्या हातांत नाव, त्याच्या माथीं जबाबदारी. नाव देणारा मालक त्यांत निर्धास्त आहे.

आपल्या देशांतील विचारांत मात्र दुसरीहि बाजू दिसते. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा ग्रंथ म्हैसूरचे पंडित आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील ‘नावध्यक्ष’ या प्रकरणावरून असें दिसतें कीं, शंख व मोतीं काढणारे लोक राजाच्या नावा भाड्यानें घेत किंवा स्वतःच्या नावांतून जात. तेथें एक महत्त्वाचा दंडक घालून दिलेला आहे. पुरेशीं माणसें नसल्यामुळें, साहित्य अपुरें असल्यामुळें किंवा डागडुजी न केल्यामुळें नाव बुडाली, तर जें गेलें असेल तें खुद्द नावध्यक्षानें भरून द्यावें. येथें जबाबदारी घेणाऱ्यावर नसून देणाऱ्यावर आहे. कुजक्या फळीची नाव दुसऱ्याच्या हवालीं करून हात झटकतां येत नाहींत, हा त्यांतील भाव होय.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत याच प्रश्नाचा तिसरा पैलू आढळतो. नावाड्यांच्या दोषानें कांहीं नष्ट झालें तर तें त्या सर्व नावाड्यांनीं मिळून आपापल्या वांट्याप्रमाणें भरून द्यावें. परंतु दैवी आपत्तीनें नाश झाला तर त्यांना दंड नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतीनें ठेव म्हणून दिलेल्या वस्तूचा नियमच मागून आणलेल्या वस्तूला, म्हणजे ‘याचिता’ला, लावला. राजानें नेली, दैवानें गेली किंवा चोरांनीं पळविली, तर ती वस्तु परत देण्याचें बंधन उरत नाहीं. मात्र मालकानें मागितल्यावरहि ती परत दिली नाहीं आणि मग ती नाहींशी झाली, तर किंमत द्यावी लागते व तितकाच दंडहि भरावा लागतो. मुदत संपल्यावर दुसऱ्याची वस्तु जवळ ठेवणें म्हणजे तिच्या दैवाची जोखीम स्वतःवर ओढून घेणें होय, हें तत्त्व त्या काळींहि पुरतें ओळखलेलें होतें.

रोमन कायदेपंडितांनीं फुकट वापरावयास दिलेल्या वस्तूचा वेगळा वर्गच केला. सम्राट् जस्टिनियन याच्या आज्ञेनें ५३३ सालीं जे ग्रंथ सिद्ध झाले त्यांत सांगितलें आहे कीं, अशी वस्तु नेणाऱ्यानें ती कसोशीनें जपली पाहिजे. परंतु आग, जहाज फुटणें, दरोडा अशा अनिवार आपत्तीची जबाबदारी त्याच्यावर नाहीं. याला एक अपवाद आहे आणि तोच साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. मित्रांना जेवावयास घालण्यासाठीं एकानें चांदीचीं भांडीं मागून नेलीं आणि तीं घेऊन तो प्रवासाला निघाला. वाटेंत जहाज फुटलें किंवा लुटारूंनीं गांठलें, तर भांड्यांची किंमत त्यानेंच द्यावी. कारण मालकानें भांडीं जेवणासाठीं दिलीं होतीं, प्रवासासाठीं नव्हे.

हाच विचार पुढें इंग्लंडांत गेला. १७०३ सालीं लंडनमध्यें ब्रँडीचीं पिंपें एका तळघरांतून दुसऱ्यांत नेतांना सांडल्याचा एक खटला झाला. त्याचा निकाल देतांना सरन्यायाधीश होल्ट यांनीं परक्याच्या हातीं दिलेल्या वस्तूंचे सहा वर्ग पाडले. पश्चिमेकडे जाण्यासाठीं मागून नेलेला घोडा उत्तरेकडे नेला, तर त्याला होणाऱ्या अपघाताची जबाबदारी नेणाऱ्यावर पडते, असें उदाहरण त्यांनीं दिलें. या विषयावर १७८१ सालीं सर विल्यम जोन्स यांनीं एक निबंध लिहिला. हेच जोन्स १७८३ सालीं न्यायाधीश म्हणून कलकत्त्यास आले व १७८४ सालीं त्यांनीं तेथें एशियाटिक सोसायटी स्थापन केली.

हिंदुस्थानांत १८७२ सालीं कराराचा कायदा झाला, त्यांत हीं सर्व तत्त्वें थोड्या फेरफारानें उतरलीं आणि तो कायदा आजहि चालू आहे. त्यांतील चार गोष्टी नावेच्या मालकानें ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, वस्तु फुकट नेलेली असो वा भाड्यानें, सामान्य शहाणा मनुष्य आपल्या वस्तूची जितकी काळजी घेतो तितकी घेतली म्हणजे नेणारा सुटतो. इंग्लंडांत फुकट नेणाऱ्यावर अधिक कडक बंधन होतें, तें येथें नाहीं. म्हणजे वादळांत सांपडून होडी गेली आणि नेणाऱ्याकडे बोट दाखवितां येत नसलें, तर कायद्यानें ती मालकाचीच गेली.

दुसरी गोष्ट, ठरल्याहून वेगळ्या कामासाठीं किंवा वेगळ्या रीतीनें वस्तु वापरली, तर काळजी घेतली असली तरीहि नेणारा जबाबदार ठरतो. कायद्यांत घोड्याचेंच उदाहरण आहे. स्वतः बसण्यासाठीं नेलेला घोडा घरांतील दुसऱ्या माणसाला दिला, त्या माणसानें तो जपून चालविला, तरी घोडा पडून जखमी झाल्यास नेणाऱ्यानें भरपाई द्यावी लागते. तिसरी गोष्ट दोषांविषयींची. फुकट देणाऱ्यानें आपणांस ठाऊक असलेले दोष सांगितलेच पाहिजेत. न सांगितल्यास त्यांतून होणाऱ्या इजेस तो जबाबदार. भाडें घेणाऱ्याला मात्र ठाऊक नसलेल्या दोषांचीहि जबाबदारी चुकत नाहीं. चौथी गोष्ट, फुकट दिलेली वस्तु मुदतीपूर्वींहि परत मागतां येते. पण मुदतीच्या विश्वासावर नेणाऱ्यानें कांहीं केलें असेल आणि अवेळीं परत घेतल्यानें त्याला झालेल्या लाभाहून हानि अधिक होत असेल, तर तो फरक देणाऱ्यानें भरून द्यावा लागतो.

येथवर विचार झाला तो देणारा आणि घेणारा या दोघांपुरता. तिसरा मनुष्य या चित्रांत आला म्हणजे प्रकरण अधिक बिकट होतें.

पहिला मुद्दा माणसाचा. नावेबरोबर तांडेल कोणाचा होता? १८४० सालीं इंग्लंडांत एक खटला झाला. दोन वृद्ध स्त्रियांची स्वतःची गाडी होती. घोडे व सारथी मात्र त्या भाड्यानें आणीत. एकदां सारथी घोडे सोडून बाजूला गेला, घोडे उधळले आणि एकाचें नुकसान झालें. न्यायालयानें ठरविलें कीं, सारथी ज्याचा चाकर, जबाबदारी त्याची. त्या स्त्रियांची नव्हे. हेंच तत्त्व पाण्यावरहि लागू पडतें. मालकानें होडीबरोबर आपलाच पगारी तांडेल धाडला, तर त्या तांडेलाची चूक सामान्यतः मालकाच्या खात्यावर पडते. रिकामी होडी सर्वस्वीं दुसऱ्याच्या ताब्यांत दिली व तो आपल्या कामासाठीं ती चालवीत असला, तर चालविण्यांतील चूक सामान्यतः त्याची असते.

दुसरा मुद्दा खुद्द नावेचा. दर्यावर्दी कायद्यांत एक विलक्षण कल्पना आहे. अपराध केलेली नाव जणूं स्वतःच अपराधी आहे असें समजून तिलाच जप्त करतां येतें. १८४८ सालीं इंग्लंडांतील हंबर नदींत ‘बोल्ड बक्लू’ या आगबोटीनें एका गलबताला धडक देऊन बुडविलें. पुढें ती आगबोट विकली गेली. नव्या मालकाला त्या धडकेची कांहींच कल्पना नव्हती. तरीहि प्रिव्ही कौन्सिलनें १८५१ सालीं असा निर्णय दिला कीं, धडक होतांच नुकसान झालेल्या पक्षाचा हक्क त्या बोटीला चिकटला, आणि ती कोणाच्याहि हातीं गेली तरी तो हक्क तिच्याबरोबर जातो. नाव परक्या हातीं देणारानें या निकालाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. चूक दुसऱ्याची असली तरी गहाण पडल्यासारखी होते ती आपली नाव.

तिसरा मुद्दा मनुष्यहानीचा. इंग्लंडांत पूर्वीं असा नियम होता कीं, दुसऱ्याच्या हयगयीनें मनुष्य जखमी झाला तर भरपाई मिळे, पण तो मेला तर त्याच्या बायकामुलांना दिवाणी न्यायालयांत कांहींच मागतां येत नसे. १८४६ सालच्या कायद्यानें हा अन्याय दूर झाला. हिंदुस्थानांत १८५५ सालीं त्याच धर्तीचा कायदा झाला. तेव्हांपासून बुडालेल्या उतारूच्या घरच्यांचा दावा हा नावेच्या व्यवहारांतील सर्वांत जड बोजा होऊन बसला.

एवढा बोजा एका माणसाला पेलणारा नाहीं, आणि म्हणून विम्याचा विचार येथें येतो. लंडनमध्यें १६८८ च्या सुमारास टॉवर स्ट्रीटवर एडवर्ड लॉइड याचें कॉफीगृह होतें. तेथें जहाजांचे मालक आणि जोखीम पत्करणारे व्यापारी जमूं लागले आणि त्यांतूनच लॉइड्स ही जगप्रसिद्ध विमासंस्था उदयास आली. प्रारंभीं या धंद्यांत जुगारहि शिरला. ज्या जहाजाशीं आपला कसलाहि संबंध नाहीं त्याच्या बुडण्यावर लोक पैसे लावीत. १७४५ सालच्या कायद्यानें ब्रिटिश जहाजांपुरता हा प्रकार बंद केला. ज्याचा जहाजांत हितसंबंध आहे त्यानेंच विमा उतरावा असें ठरलें. इंग्लंडचा १९०६ चा आणि भारताचा १९६३ चा सागरी विम्याचा कायदा यांत तें तत्त्व कायम आहे. मात्र हितसंबंध म्हणजे मालकीच असें नव्हे. वस्तूपायीं ज्याच्यावर जबाबदारी येण्याचा संभव आहे त्याचाहि हितसंबंध असतो. म्हणून नाव मागून नेणाऱ्यालाहि विमा उतरतां येतो.

परंतु जहाजाचा विमा उतरला म्हणजे सर्व जोखीम टळली, हा समज खोटा असल्याचें एका भारतीय नदीवरील अपघातानें उघड केलें. कलकत्त्याजवळ हुगळी नदींत ‘ला व्हालर’ नांवाचें जहाज आणि ‘फोर्ब्स’ ही आगबोट यांची टक्कर झाली. चूक दोघांचीहि ठरली, नुकसान निम्मेंनिम्म वांटलें गेलें आणि हिशेबांतीं ‘ला व्हालर’च्या मालकाला कांहीं रक्कम द्यावी लागली. ती त्यानें विमेदाराकडे मागितली. १८३६ सालीं लंडनच्या न्यायालयानें ती नाकारली. विमा समुद्राच्या धोक्यांचा होता. दुसऱ्याला द्यावी लागलेली भरपाई हा समुद्राचा धोका नसून कायद्यानें लादलेलें देणें आहे, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें.

या एका निकालानें जहाजमालकांची झोंप उडाली. मग विमेदारांनीं टक्करीच्या भरपाईचें एक नवें कलम विम्यांत घातलें. पण पूर्ण रक्कम देण्याचें टाळून तीनचतुर्थांशच पत्करली. मालकाला स्वतःचा कांहीं तोटा सोसावा लागला तरच तो सावधगिरीनें वागेल, हा त्यांतील हिशेब होता. उरलेल्या चौथ्या हिश्शासाठीं आणि माणसांच्या मृत्यूच्या व इजेच्या दाव्यांसाठीं मालकांनींच वर्गणी जमवून परस्पर-संरक्षणाचीं मंडळें काढलीं. त्यांतील पहिलें १८५५ सालीं इंग्लंडांत निघालें. आपल्या नावेचा विमा वेगळा आणि आपल्या नावेनें दुसऱ्याचें केलेल्या नुकसानीचा विमा वेगळा, हा भेद तेव्हांपासून रूढ झाला.

इतकें झालें तरी मालक स्वतःच्या सहीनें संकट ओढवून घेऊं शकतो. १८९४ च्या जुलैंत स्कॉटलंडमधील क्लाइडच्या खाडींत शिडाच्या क्रीडानौकांची शर्यत होती. तींत ‘सटॅनिटा’ ही नौका लॉर्ड डनरेव्हन यांच्या ‘व्हाल्किरी’वर आदळली व ‘व्हाल्किरी’ बुडाली. मालकाची स्वतःची चूक नसेल तर त्याची जबाबदारी नौकेच्या दर टनामागें आठ पौंडांपुरती मर्यादित करणारा कायदा त्या वेळीं होता. तेवढेंच देऊन मोकळे होण्याचा ‘सटॅनिटा’च्या मालकांचा विचार होता. परंतु शर्यतींत नांव घालतांना त्यांनीं जे नियम मान्य केले होते, त्यांत नियमभंगानें झालेलें सर्व नुकसान भरून देण्याची अट होती. १८९७ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें ती अट बंधनकारक ठरविली. कायद्यानें दिलेली ढाल एका सहीसरशीं गळून पडली.

विम्याच्या कागदाचेंहि तसेंच आहे. १७६६ सालीं न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं सांगून ठेवलें कीं, जोखमीचा अंदाज घेण्यास लागणारी माहिती विमा उतरणाराकडेच असते, म्हणून त्यानें ती लपवितां कामा नये. घरच्या वापराची म्हणून विमा उतरलेली नाव भाड्यानें फिरूं लागली तर तो विमा पांगळा होतो. लंडनच्या विमेदारांनीं क्रीडानौकांसाठीं १९८५ सालीं जीं कलमें तयार केलीं, त्यांत नौका खासगी वापरासाठींच असावी, आधीं मान्यता घेतल्यावांचून ती भाड्यानें किंवा मोबदल्यासाठीं देऊं नये, अशी अट आहे. त्याच कलमांत मालकाच्या परवानगीनें नौका चालविणाऱ्याला तिसऱ्यांच्या दाव्यांपुरतें संरक्षणहि दिलेलें आहे. म्हणजे मित्राला परवानगीनें दिलेली नौका संरक्षणांत राहते, पण त्याच मित्राकडून मोबदला घेतला कीं तें संरक्षण धोक्यांत येतें. मुदतीच्या विम्यांत आणखी एक खोंच आहे. नाव समुद्रांत जाण्यास नालायक आहे हें ठाऊक असतांना मालकानें ती जाऊं दिली, तर त्या नालायकीमुळें झालेल्या नुकसानीची भरपाई विमेदार देत नाहीं. कौटिल्यानें नावध्यक्षाला जें बजावलें, तेंच लंडनच्या विमेदारांनीं दुसऱ्या शब्दांत सांगितलें आहे.

मोबदल्याचा हा मुद्दा आपल्या किनाऱ्यावर विशेष महत्त्वाचा आहे. शेजारी होडी परत करतांना संकोचानें कांहीं रक्कम हातावर ठेवतो आणि मालकहि ती संकोचानें घेतो. दोघांच्याहि मनांत व्यवहार नसतो. परंतु ती रक्कम भाडें ठरली, तर एकाच वेळीं दोन भिंती ढासळतात. कराराच्या कायद्यानें मालक ठाऊक नसलेल्या दोषांनाहि जबाबदार होतो, आणि विम्याच्या कागदानें तो खासगी वापराच्या अटीबाहेर पडतो. भाडें घेऊं नये असा याचा अर्थ नव्हे. भाडें घ्यावयाचें तर तें विमेदाराला सांगून आणि नाव तपासून घ्यावें, एवढाच अर्थ आहे. देशांतर्गत जलमार्गांवर चालणाऱ्या यांत्रिक नावांना तर विमा उतरणें २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानें आवश्यकच केलें आहे.

या दीर्घ इतिहासाचें सार थोडक्यांत सांगतां येण्याजोगें आहे. नाव कोण चालविणार, कोठवर नेणार, कोणत्या कामासाठीं नेणार, केव्हां परत आणणार, आणि तिच्यांत काय उणें आहे, या पांच गोष्टी नाव देण्यापूर्वीं स्पष्ट बोलल्या पाहिजेत. शक्य तर दोन ओळींत लिहून दोघांनींहि सही करावी. विम्याचा कागद पेटींत असेल तर तो बाहेर काढून, आपल्याखेरीज दुसऱ्यानें चालविलेली नाव त्यांत बसते कीं नाहीं आणि तिसऱ्याच्या जीविताची भरपाई त्यांत आहे कीं नाहीं, तें पाहावें. हें बोलणें शेजारधर्माला सोडून आहे असें कित्येकांना वाटतें. वस्तुतः नाव बुडाल्यावर जें बोलावें लागतें, तें शेजारधर्माला अधिक मारक असतें. तेव्हां बोलणारे दोघे शेजारी नसतात, वादी आणि प्रतिवादी असतात. आणि ज्या घरचें माणूस पाण्यांत गेलें त्या घरची चूल मात्र, निकाल कोणाच्याहि बाजूनें लागला तरी, भरपाई हातांत पडेपर्यंत थंडच राहते.